आधी सिंक, मग ओटा

ती. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबांनी पाठवलेला फोटो मिळाला. ते पांढरं, खोल, दर्शनी भाग ओट्याच्या जरा पुढे आलेलं सिंक तुला आवडलं हे कळल्यावर फार बरं वाटलं. इकडे त्याला फार्महाउस सिंक म्हणतात. माझ्याकडे दीड वर्ष तसंच आहे, रोजच्या वापरातलं. फोनवर घाईत सांगण्यापेक्षा लिहूनच पाठवते. बाबांना वाचून दाखव, आणि सुताराशी दादा बोलणार असेल तर त्यालाही.

तुझ्या कमरेचं आधी लिहिते. नेहमीच्या सिंकपुढे ओट्याची चार बोटांची पट्टी असते. आपण पोट तिला टेकवून पुढे वाकतो आणि शेवटचं भांडं विसळेपर्यंत तसेच वाकलेले राहतो. या सिंकला ती पट्टीच नसते. त्याची भिंत थेट पोटाशी येते आणि हात सरळ खाली जातात. मला पहिल्याच आठवड्यात पाठीत फरक जाणवला. ते दिसायला सुंदर आहेच, पण तुझ्याकडे असावं असं मला वाटतं ते या कारणासाठी.

मात्र खोली चुकली तर हा फायदा हातचा जातो. ओटा ९० सेंटिमीटर आणि सिंक २५ सेंटिमीटर खोल घेतलं, की तळ जमिनीपासून ६५ सेंटिमीटरवर येतो. माझ्या उंचीला ते चालतं. तू माझ्याहून उंच, तुला तिथे पोचायला वाकावंच लागेल. तेव्हा एक कर. सरळ उभी राहा, हात सैल सोड आणि मुठीपासून जमिनीपर्यंत बाबांना टेप लावायला सांग. सिंकचा तळ त्या मापाच्या खाली नको, चार-पाच सेंटिमीटर वरच बरा. त्यासाठी २० सेंटिमीटर खोलीचं घेता येईल. किंवा सिंकच थोडं उचलून बसवता येईल, कारण ते ओट्याला लटकत नाही, खालच्या चौकटीवर बसतं. कड ओट्याच्या दोन बोटं वर राहिली तर ओट्यावरचं पाणी फडक्याने सरळ आत ओढता येत नाही, एवढीच अडचण. तुझ्या पाठीपुढे मला ती मोठी वाटत नाही.

चौकटीबद्दल दादाला नीट सांग. फायरक्लेच्या, म्हणजे भाजलेल्या मातीच्या, मोठ्या सिंकचं वजनच पन्नास किलोच्या आसपास असतं. आतून ७५ बाय ४० आणि २२ सेंटिमीटर खोल असेल तर काठोकाठ ६६ लिटर पाणी मावतं, म्हणजे आणखी ६६ किलो. वर भांडी. हा भार ओट्याच्या दगडावर किंवा नुसत्या चिकटवणीवर टाकायचा नाही. कपाटाच्या आत जमिनीपर्यंत उतरणारे पाय आणि त्यांवर आडवे भक्कम दांडे हवेत. बसवताना दोन माणसं तरी लागतात.

आता फायरक्ले म्हणजे काय ते. ही माती हजार अंश सेल्सिअसच्या पुढे तापलेल्या भट्टीत भाजतात, त्यात तिची चकाकी अंगाशी एकजीव होते. डाग धरत नाही, गरम पातेल्याला घाबरत नाही. पण भाजताना माती आक्रसते आणि प्रत्येक नग थोडा वेगळा निघतो, मापात दोन टक्क्यांपर्यंतही फरक पडतो. ८४ सेंटिमीटरच्या सिंकला हा फरक दीड सेंटिमीटरच्या वर जाऊ शकतो! हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी छापील मापावरून कपाट करून घेतलं, दगड कापून घेतला, आणि सिंक आलं ते त्याहून नऊ मिलिमीटर जास्त रुंद. दगडातला काप थोडा घासून वाढवता आला, कपाट मात्र उघडून पुन्हा बांधावं लागलं. तीन आठवडे मी न्हाणीघरात भांडी घासली. रात्री कामावरून आल्यावर त्या फरशीवर बसताना रडू यायचं. तुझ्यावर ती वेळ येऊ नये म्हणून कळकळीने सांगते: सिंक घरात येऊन, खोक्यातून बाहेर काढून, सुताराच्या समोर ठेवल्याशिवाय लाकडाला आणि दगडाला हात लावू द्यायचा नाही. माप कागदावरून नाही, त्या सिंकवरून घ्यायचं.

तुला पांढरंच हवं तर बिडाचं, वर इनॅमल चढवलेलंही मिळतं. दिसतं देखणं, पण जड वस्तू पडून टवका उडाला तर खालचं बीड उघडं पडतं आणि गंजतं. दगडाचंही असतं. संगमरवराला आंबट पदार्थ लागला की चकाकी जाते, म्हणून ते मी घेणार नाही. तांब्याचं रंग बदलत राहतं; कुणाला ते आवडतं, तुला एकसारखं लखलखीत हवं असतं. स्टीलचं मात्र विचारात घे. हलकं असतं, मापाला बरोबर येतं, आणि हातून भांडं निसटलं तर भांडं वाचायची शक्यता जास्त. ३०४ जातीचं बघ, त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. गेजचा आकडा जितका लहान तितका पत्रा जाड: १६ गेज म्हणजे साधारण दीड मिलिमीटर, १८ म्हणजे सव्वा. तळाखाली आवाज दाबणारे रबराचे पट्टे आहेत का, तेही पाहा. पांढऱ्यावर स्टीलची भांडी घासली गेली की करड्या रेघा उमटतात. तो बहुधा ओरखडा नसतो, भांड्याचा धातू वर लागलेला असतो. मऊ पावडरीने निघतो. मी तळाला रबरी पायांची जाळी ठेवते.

सांडपाण्याचं आधी बघायला हवं, फरशी लागण्यापूर्वी. खोल सिंकचं भोक खाली येतं, त्याखाली पाण्याचा वाकडा सापळा, आणि भिंतीतला पाइप त्याहून वर राहिला तर पाणी तुंबतं. प्लंबरला सिंकचा तळ आणि पाइपची उंची दोन्ही मोजू दे. भोक मागच्या बाजूला असलेलं घे. भांड्यांच्या ढिगाखाली झाकत नाही, आणि खालच्या कपाटात जागा उरते. दर्शनी भाग कपाटाच्या दारांपेक्षा सेंटिमीटरभर पुढे असू दे, नाहीतर ओघळ थेट लाकडावर उतरतात आणि दारं फुगतात.

कपडे धुण्याच्या जागेसाठी दुसरं घ्यायचं तुझ्या मनात आहे असं बाबा म्हणाले. घे, नक्की घे. तिथे ओटा आड येत नाही. स्वतंत्र घडवंचीवर तुझ्या उंचीला हवं तसं बसवता येतं. तिथे फायरक्लेच. ब्लीचमधल्या क्लोरीनने स्टीलला बारीक खड्डे पडतात, मातीला काही होत नाही. मधली भिंत नको, चादर बुडायला एकच मोठा हौद हवा. नळ बादली खाली मावेल इतका उंच. मशीनचं पाणी त्यातच सोडणार असाल तर भोकावर जाळी टाका, तंतू अडकतात. पण ती दर धुण्यानंतर साफ करायला हवी, नाहीतर मशीन एकदम पाणी सोडतं तेव्हा हौद भरून वाहतो. म्हणून तिथे वरच्या बाजूला जादा पाणी जायची वाट असलेलं घ्या. ब्रिटनमधल्या जुन्या सिंकांमध्ये बेलफास्टला ती वाट असते, बटलरला नसते. दुकानात ही नावं ऐकलीत तर ओळखू येईल.

बाबांना सांग, पुढच्या फोनच्या वेळी मला तीन मापं हवीत: तुझ्या मुठीची उंची, भिंतीतल्या सांडपाण्याच्या पाइपची उंची, आणि तुझं सगळ्यात मोठं पातेलं किती रुंद आहे ते. सुताराला तोवर थांबवून ठेवा.

कमरेला शेक घेत जा. बाबांना, दादा-वहिनींना नमस्कार, छोटीला गोड पापा.

तुझी,
धाकटी