बाबांच्या वजनाबद्दल नाही, स्नायूंबद्दल

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

आई, बाबांचं वजन 2 किलोने वाढलं म्हणून तुला बरं वाटलं, पण त्या आकड्यावर विसंबू नकोस. सिरॉसिसमध्ये, म्हणजे लिव्हर कडक होण्याच्या बाबांच्या या आजारात, पोटात आणि पायांत पाणी साचतं. दंड-मांड्या वाळत असल्या तरी काटा जागचा हलत नाही, कधी वरही जातो. रोजचं वजन घेत जा, पण ते पाण्याचा अंदाज यावा म्हणून. स्नायू वेगळे मोजावे लागतात.

बाबा, तुमच्या फाइलमधला मेल्ड स्कोअर, म्हणजे लिव्हरचा आजार किती गंभीर ते सांगणारा आकडा (जितका जास्त तितका धोका जास्त), रक्ताच्या तपासणीतल्या बिलिरुबिन, आयएनआर, क्रिएटिनिन आणि सोडियमवरून काढलेला आहे. स्नायूंचा हिशेब त्यात नाही. उलट क्रिएटिनिन स्नायूंतूनच येतं, म्हणून स्नायू घटले की तेही कमी दिसतं आणि स्कोअर खऱ्यापेक्षा बरा निघतो. 2015 मधल्या कॅनडातल्या एका अभ्यासात स्नायू झडलेल्या रुग्णांचा धोका मेल्डमध्ये सुमारे 10 गुण मिळवल्याइतका निघाला. हा अनेक रुग्णांवरून काढलेला अंदाज आहे, तुमचं भविष्य नव्हे. पण कमी मेल्डवर निश्चिंत राहू नये, एवढं त्यातून नक्की कळतं.

आधी झालेल्या पोटाच्या सीटी स्कॅनवरूनच हे मोजता येतं. फक्त यासाठी नवा स्कॅन मागू नका. कंबरेच्या तिसऱ्या मणक्याच्या पातळीवरच्या एकाच छेदात दिसणाऱ्या सगळ्या स्नायूंचं क्षेत्रफळ काढायचं आणि उंचीच्या वर्गाने भागायचं. समजा 120 चौरस सेंटिमीटर आणि उंची 1.65 मीटर, तर उत्तर साधारण 44. उत्तर अमेरिकेतल्या लिव्हर प्रत्यारोपणाच्या यादीतल्या रुग्णांवरून पुरुषांसाठी 50 आणि स्त्रियांसाठी 39 च्या खाली धोका धरतात. जपानी निकषांत हेच आकडे 42 आणि 38 आहेत. म्हणजे 44 एका मापाने कमी, दुसऱ्याने ठीक! म्हणून डॉक्टरांना नुसता 'कमी आहे का' असं विचारू नका; कुठला निकष लावला तेही विचारा, आणि पुढचं मोजमाप त्याच पद्धतीने करून घ्या. शरीराला विजेच्या तारा लावून स्नायू सांगणारं यंत्र पोटात पाणी असताना फसतं.

घरी खुर्चीची चाचणी करा. खुर्ची भिंतीला टेकलेली, चाकं नसलेली आणि दर वेळी तीच हवी. बाबांनी हात छातीवर बांधून पाच वेळा पूर्ण उठायचं-बसायचं. आई, तू शेजारी उभी राहून सेकंद मोज. 15 सेकंदांच्या वर गेलं किंवा हात टेकावे लागले तर तसं लिही. महिन्यातून एकदा पुरे. पोटातलं पाणी काढल्याच्या दिवशी किंवा चक्कर येत असेल तेव्हा करू नका. दवाखान्यात हाताच्या पकडीचं मापही घ्यायला सांगा, तेही महत्त्वाचं.

आता खाण्याचं. लिव्हरमधला साखरेचा साठा लवकर संपतो आणि रात्रभराच्या उपाशीपोटी शरीर स्नायू मोडू लागतं. म्हणून दिवसा तीन-चार तासांहून जास्त अंतर नको आणि झोपण्याआधी साधारण 50 ग्रॅम पिष्टमय पदार्थ पोटात जाईल एवढं खाणं हवंच. एक वेळ दुपारचं थोडं कमी झालं तर चालेल, हे चुकवू नका. प्रथिनं दर किलोमागे 1.2 ते 1.5 ग्रॅम, पण पाणी वजा केलेल्या वजनावर. पोटात मध्यम पाणी असेल तर 10 टक्के वजा करतात: 70 किलोचे 63, म्हणजे दिवसाला 76 ते 95 ग्रॅम. बाबांना गोंधळल्यासारखं झालं तर लगेच डॉक्टरांना फोन कर, पण त्या भीतीने प्रथिनं तोडू नकोस. तो जुना सल्ला आता देत नाहीत. प्रथिनांतून तयार होणारा अमोनिया रक्तात वाढला की गोंधळ होतो, पण तो निस्तरायला स्नायूच मदत करतात; ते घटले तर गोंधळ वाढतो.

आई, वहीत तारीख, वजन आणि खुर्चीचे सेकंद असे तीन रकाने आख. रविवारी पहिली चाचणी झाली की त्या पानाचा फोटो पाठव. पुढच्या तपासणीला जाताना वही बरोबर न्या.

तुमची,
लेक