नव्या गोळीबद्दल थोडे सविस्तर

चि. मृणाल हिस,
अनेक आशीर्वाद.

त्वचेच्या डॉक्टरांनी मुरुमांसाठी आणि गर्भनिरोधनासाठी लिहून दिलेल्या गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो पाहिला. त्यावर ड्रोस्पिरेनोन ३ मिलिग्रॅम आणि एथिनिल इस्ट्राडायोल अशी नावे आहेत. तू रोज टेल्मिसार्टन घेतेस हे त्यांना सांगितलेस का? इतकी वर्षे औषधांचे दुकान चालवल्यामुळे ही दोन नावे शेजारी दिसली की मी थबकते.

लघवीतून प्रथिने जातात म्हणून तुला टेल्मिसार्टन चालू आहे. त्याने रक्तदाब उतरतो, पण अंगात पोटॅशियम साठण्याकडे कल असतो. ड्रोस्पिरेनोनची घडण स्पायरोनोलॅक्टोन या लघवी वाढवणाऱ्या पण पोटॅशियम अंगातच राखणाऱ्या औषधाशी मिळतीजुळती असून त्याची ३ मिलिग्रॅमची मात्रा पोटॅशियमच्या बाबतीत स्पायरोनोलॅक्टोनच्या साधारण २५ मिलिग्रॅमइतके काम करते. त्यामुळे मूत्रपिंडाचे काम मंदावलेले असेल तर ही गोळी देतच नाहीत, कारण पोटॅशियम फार वाढले की हृदयाचे ठोके बिघडतात. पाळीत पोट दुखले की तू घेतेस त्या आयबुप्रोफेननेही यात भरच पडते.

दुसरा घटक एथिनिल इस्ट्राडायोल, म्हणजे इस्ट्रोजेन हे हार्मोन. त्यामुळे यकृतात अँजिओटेन्सिनोजेन, म्हणजे रक्तदाब वाढवणारे द्रव्य ज्यापासून बनते ते प्रथिन, जास्त तयार होते आणि रक्तदाब चढू शकतो. निरोगी मुलींमध्ये ही वाढ बहुधा किरकोळ असते, पण तुझा रक्तदाब आम्ही मुद्दाम खाली ठेवतो आहोत. शिवाय प्रथिने फार जाऊ लागली तर रक्तात गुठळ्या होण्याचा धोका वाढतो आणि इस्ट्रोजेन तो आणखी वाढवते.

म्हणून गर्भनिरोधनच नको, असा अर्थ मात्र काढू नकोस. टेल्मिसार्टन चालू असताना दिवस गेले तर बाळाच्या मूत्रपिंडांना इजा होऊ शकते, तेव्हा तुला खात्रीचा उपाय हवाच. गर्भाशयात बसवायच्या तांबीत (कॉपर-टी) हार्मोन नसते आणि ३८० ए प्रकारची तांबी १० वर्षे चालते. रक्तस्राव वाढू शकतो, एवढे तुझ्या हिमोग्लोबिनकडे पाहून विचारून घे. मुरुमांना तिचा उपयोग नाही, पण त्यांच्यासाठी लावायची मलमे आहेत.

पाकीट तूर्त फोडू नकोस आणि टेल्मिसार्टन मनाने बंद करू नकोस. मूत्रपिंडाच्या डॉक्टरांना फोटो दाखव. पोटॅशियम, क्रिएटिनिन आणि लघवीतील अल्ब्युमिन यांचे ताजे रिपोर्ट सोबत ने. भेटीची वेळ ठरली की कळव, दुकान बाबांवर सोपवून मी येईन.

तुझी आई