त्या दोन नाईकांबद्दल

प्रिय बाबू,

पोचल्याचा मेसेज आईला आला, मला नाही. बरोबरच आहे म्हणा. गणपतीवरची माटोळी बांधताना सगळ्यांदेखत तुझ्यावर ओरडायला नको होतं.

पण तू संस्थेच्या देणगीदारांच्या यादीत दोन नाईकांचा एक केलास रे! नाव एक, गाव डिचोली, देणगीही सारखीच, म्हणून कॉम्प्युटरने डुप्लिकेट दाखवलं आणि तू मर्ज दाबून मोकळा. एक काका, दुसरा पुतण्या, आणि दोघांची जमिनीवरून कोर्टात केस चालू. काकाची देणगी पुतण्याच्या पॅनवर चढली असती तर? मी वाड्यावरून ओळखतो कोण कुठला ते. (वाड्याचा एक कॉलम घाल, एवढंच तेव्हा शांतपणे सांगायचं होतं.)

काम मात्र तुझं झकास. २०२१-२२ च्या देणग्यांपासून ते १०बीडी, म्हणजे देणगीदारांची यादी इन्कमटॅक्सला द्यायचा फॉर्म, आलं तेव्हा मी कार्बनच्या पावत्या पुढ्यात घेऊन एकेकाला पॅनसाठी फोन करायचो, ३१ मे उलटला की दिवसाला २०० रुपये दंड, झोपच उडालेली. तू तीच यादी एका दुपारी काढलीस. संस्थांना सेल्सफोर्सची, त्या नोंदी ठेवायच्या सॉफ्टवेअरची, दहा लायसन्स फुकट मिळतात हे तू शोधलंस हे मी कमिटीत चारदा तरी सांगितलं असेल, आता ते हसतात मला.

फक्त एक सांग, दुसऱ्या कोणाला शिकवलंस का? ऑफिसातल्या त्या मुलीला तरी? नाहीतर पावती निघेना म्हणून रात्री अकराला तुलाच फोन, आणि सकाळी तुझी नोकरी. फुकट काम करणाऱ्याला कोणी रजा देत नाही बाबू. माणसाने आधी आपल्यावाचून चालेल अशी सोय करावी, मग... बघ, लागलो परत भाषण द्यायला. सॉरी.

सतरा वर्षं खजिनदार होतो, कपाटाची किल्ली माझ्याच खिशात. तुझ्या मुंजीच्या आदल्या रात्री मी ऑडिटला बसलेलो. तू तापाने फणफणलेला तेव्हा आई एकटी तुला कदंबाच्या बसने म्हापशाला घेऊन गेली. कधी बोलली नव्हती, परवा तू गेल्यावर बोलली.

नेवऱ्यांचा डबा फ्रीजवरच राहिला. उद्या रात्रीच्या बसला ओळखीचा ड्रायव्हर आहे, त्याच्याकडे देतो, स्वारगेटला घे. नाईक वेगळे केलेस की कळव, काका परत विचारत होता. आणि त्या मुलीला दुसरी अॅडमिन करायचं काय झालं तेही.

बाबा