वाघांच्या पिंजऱ्यामागच्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

कात्रजच्या प्राणीसंग्रहालयात वाघ बघून परतणाऱ्याला तुमचं काम दिसत नाही. ते चालतं मागच्या बाजूला, रात्रीच्या खोल्यांपाशी. बुधवारी प्राणीसंग्रहालय बंद असतं, पण तुमचं काम बंद नसतं. तिथे तुम्ही आम्हा पशुवैद्यकच्या मुलांना मागे मागे फिरू दिलंत आणि प्रत्येक ‘का’चं उत्तर दिलंत, म्हणून हे पत्र.

पहिले आभार कुलपांसाठी. आधी जनावर डोळ्यांनी बघायचं, मग सरकता दरवाजा ओढायचा, खिटी पूर्ण बसवायची, कुलूप लावून हिसका द्यायचा, पुन्हा जनावरं मोजायची आणि मगच माणसाचं दार उघडायचं. एक वाघ दिसला म्हणजे दुसराही तिकडेच असेल, असं धरून चालायचं नाही. “मघाशी लावलं होतं” याला तर काहीच किंमत नाही. दरवाजाच्या पन्हाळीत बोटभर हाडाचा तुकडा अडकला, तरी दरवाजा लागल्यासारखा दिसतो आणि खिटी मात्र अर्धीच बसते. म्हणून ओढण्याआधी ती पन्हाळ ब्रशने साफ करायची. हे आम्हाला कुठल्याही पुस्तकात सापडलं नव्हतं.

सफाईतही तुमचा क्रम पक्का. आधी कोरडं काम: विष्ठा, हाडं, केस उचलायचे. मग भरपूर पाणी, मग घासणं, आणि जंतुनाशक त्यानंतरच, कारण घाण तशीच ठेवून ओतलेलं ब्लीच घाणीतच खर्ची पडतं. मूत्र धुवून काढण्याआधी ब्लीच टाकलं, तर त्यातल्या अमोनियाशी मिळून घशाला झोंबणारा विषारी वायू होतो. फिनेलला तर मांजरकुळात बंदीच, कारण त्यातलं फिनॉल त्यांच्या यकृताला नीट निकामी करता येत नाही आणि वाघ पंजे चाटतो. शेवटी फरशी खळखळून धुवायची आणि सुकू द्यायची. दाराशी पाय बुडवायला पोटॅशियम परमँगनेटचं पाणी असतं. त्याचा जांभळा रंग तपकिरी झाला की ते संपलं, बदलायचं. चिखलाचे बूट तसेच बुडवले की ते लवकर संपतं, म्हणून बूट आधी घासायचे.

मोठ्या वाघाला दिवसाला साधारण 8 ते 10 किलो मांस, तेही हाडासकट, आणि आठवड्यातून एक दिवस लंघन. नुसत्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावापुरतं, त्यामुळे बिनहाडाच्या मांसावर वाढलेल्या बछड्यांची हाडं वाकतात. प्रत्येकाला वेगळ्या खोलीत वाढायचं, नाहीतर दांडगा दोघांचं खातो आणि नोंदीत मात्र दोघंही जेवलेले दिसतात. देताना वजन, सकाळी उरलेल्याचं वजन. एखाद्या दिवशी थोडं उरलं तर लिहून ठेवायचं, पण त्याच्या जोडीला पाणीही कमी झालं असेल तर डॉक्टरांना लगेच फोन.

आणि विष्ठा! डांबरासारखी काळी, चिकट विष्ठा म्हणजे पोटात किंवा आतड्याच्या वरच्या भागात रक्तस्राव असू शकतो, हे आम्ही वाचलं होतं. ती पाण्याचा पाइप सुरू करण्याआधी बघायची असते, हे तुमच्याकडून कळलं. नमुना दोन-तीन ठिकाणांहून घ्यायचा, फरशीला टेकलेला भाग सोडून. त्यावर जनावराचं नाव आणि वेळ लिहून तो फ्रिजमध्ये ठेवायचा, बर्फाच्या कप्प्यात नाही.

हरणांकडे तुम्ही आवाजही बदलता. चितळाला पळवायचं नाही, खाण्याच्या ओढीने सावकाश हलवायचं. घाबरून जिवाच्या आकांताने धावलेल्या हरणाचे स्नायू आतून झिजतात आणि ते कधी कधी काही दिवसांनी मरतं. तोवर धावपळ कुणाच्या लक्षातही नसते.

रोज जाळीशी येऊन नाकाने फुरफुरणारी वाघीण आज कोपऱ्यातच बसून राहिली, तर तुम्ही तेवढ्यावरून वहीत ओळ लिहिता. आजार लपवणं हा रानटी जनावराचा स्वभावच आहे, त्यामुळे डॉक्टर येतात तेव्हा ते उठून उभं राहतं आणि धडधाकट दिसतं. तपासणी कुठून सुरू करायची, हे तुमच्या त्या एका ओळीवरून कळतं. काका, तुमच्या वहीत ‘ठीक’ हा शब्द आम्हाला कुठेच सापडला नाही. ‘उजवा मागचा पाय जपून टाकते, दीड किलो उरलं, पाणी नेहमीइतकं’ अशा ओळी आहेत. आम्हीही आता तशाच लिहितो.

तुमची,
पशुवैद्यकची मुलं-मुली