तो खांब किती फुटांवर?

वाई
रविवार, रात्री उशिरा

प्रिय बाळ्या,

सकाळी पाचला शूटवर हजर व्हायचंय आणि मी लॉजच्या खोलीत हे लिहीत बसलोय. फोन करणार होतो, पण फोनवर तू मला दोन वाक्यांपुढे बोलू देत नाहीस. इथे युनिटमध्ये सांगावं तर निम्मे म्हणतील, 'त्यात काय एवढं.' उरलेल्या निम्म्यांना ८५ मिलिमीटरच्या लेन्सवर, टी १.३ ला, म्हणजे लेन्स पूर्ण उघडी आणि फोकस जेमतेम असताना, माणूस कॅमेऱ्याकडे चालत यायला लागला की पोटात काय होतं हे ठाऊकच नाही. आपण दोघं फोकस पुलर, माणूस हलला तरी चित्रात स्पष्ट राहावा म्हणून लेन्सची रिंग फिरवणारे, म्हणून तुला ते सांगावं लागत नाही.

तब्येत बरी आहे. मान दुखते, शुगर काठावर आहे, डॉक्टर म्हणतात चाला. चालतो.

तर बाळ्या, माझ्या कॅमेऱ्यावर लायडर बसला. लांब्याने आणवला. तो आता डीओपी, म्हणजे कॅमेऱ्याचा प्रमुख आहे आणि अजूनही जेवताना दुसऱ्याच्या ताटातली भाकरी उचलतो, काळजी करू नकोस. सगळा सिनेमा त्याला झाइसच्या जुन्या सुपरस्पीड लेन्सवर करायचाय. त्या लेन्सचं घराणं १९७५चं. त्यांच्यात एक वायर नाही, एक चिप नाही. नुसती काच, पितळ आणि ग्रीस. आणि आता त्यांच्या रिंगला मोटर लावायची, वर लायडरचा डबा बसवायचा आणि आपण बाजूला व्हायचं.

हे काय असतं ते थोडक्यात सांगतो, कारण तू सोडलंस तेव्हा हे नव्हतं. डब्यातून डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड लेझर समोर फेकला जातो, तो वस्तूवर आपटून परत येतो, आणि जायला-यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर निघतं. प्रकाश एका नॅनोसेकंदात फूटभर जातो, म्हणजे हे मोजमाप किती बारीक असेल बघ. एक बिंदू मोजत नाही, फ्रेमभर हजारो मोजतं. २०२२ साली डीजेआय कंपनीने जिम्बलवर, म्हणजे कॅमेरा हलू न देणाऱ्या त्या दांड्यावर, लावायचा जो डबा काढला त्यात ४३,२०० बिंदू होते आणि पल्ला १४ मीटर. २०२४च्या 'फोकस प्रो'मध्ये बिंदू ७६,८०० झाले, पल्ला २० मीटर. आपल्या वेळचं सिनेटेप आठव. ते आवाजाच्या लहरींवर चालायचं, आकडा दाखवायचं आणि गप्प बसायचं. रिंग आपणच फिरवायची. हे यंत्र रिंगही फिरवतं.

परवा रात्री वाड्यात सीन होता. आजी स्वयंपाकघरातून हातात चिमणी घेऊन निघते, माजघर ओलांडते, ओसरीवर येते, आणि तिच्यापुढे आपण जिम्बलवर मागे मागे सरतोय. पंधरा फुटांवरून तीन फुटांपर्यंत. आजी इथल्याच गावातल्या, कॅमेरा आयुष्यात पहिल्यांदा बघतायत. त्यांना मार्क, म्हणजे थांबायची खूण, दिला की त्या जमिनीकडे बघत चालतात, म्हणून मार्क नाहीत. रिहर्सल केली की चेहऱ्यावरचं सगळं निघून जातं, म्हणून रिहर्सल नाही. उजेड म्हणजे ती चिमणी आणि लांब्याने उजेड पसरवायला आढ्याला टांगलेला एक कपडा. तूच सांग, असला शॉट आपल्याला दिला असता तर ज्यांच्या हाताखाली आपण शिकलो त्या दादांनी आधी डीओपीशी भांडून लेन्स टी ४ पर्यंत मिटवून घेतली असती की नाही?

लायडरला अंधाराचं काही वाटत नाही, तो स्वतःचा उजेड घेऊन येतो. एक मोड असा आहे की यंत्र फोकस सांभाळतं आणि तुझ्या हातातलं चाक आपोआप फिरत राहतं, रिंगबरोबर. तू बोटं नुसती टेकवून ठेवायची. वाटलं तेव्हा चाक घट्ट धरलंस की सूत्रं तुझ्याकडे, सोडलंस की परत यंत्राकडे. पाटीवर अक्षर गिरवताना मास्तर मुलाचा हात धरायचे ना, तसं माझ्या बोटांखाली ते चाक फिरत होतं. आजी माजघरात आल्या तेव्हा चाक सावकाश फिरत होतं. उंबरठ्यावर त्या क्षणभर थबकल्या, चाकही थबकलं. पुढे आल्या तसा वेग वाढला, कारण जवळ आल्यावर रिंग किती पळवावी लागते तुला माहीत आहे. चार फुटांवरून तीन फुटांवर येताना जेवढी रिंग फिरते तेवढी पंधरा फुटांपासून अनंतापर्यंतही फिरत नाही. शेवटी आजींच्या पापण्या दिसत होत्या, बाळ्या. प्रत्येक केस. एका टेकमध्ये.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, मनापासून. आजींचा तो चेहरा दुसऱ्या टेकला मिळाला नसता, आणि तो यंत्रामुळे मिळाला हे मी कुणापुढेही म्हणेन.

त्यानंतरचा शॉट मच्छरदाणीचा. मुलगा आत झोपलाय, आजी बाहेरून बघतायत, कॅमेरा आजींच्या खांद्यामागून. यंत्र आधी खांद्यावर गेलं. खांदा टाळायला सांगितला तर मच्छरदाणीवर जाऊन बसलं. त्याचं तरी काय चुकलं? लेझर जाळीवरून परत येतोय, म्हणजे तिथे काहीतरी आहे. मी चाक धरलं आणि मुलाच्या डोळ्यांवर नेलं. पुढे सीनमध्ये मुलगा उठून बाहेर येतो, कॅमेऱ्याजवळ येतो, बोलायला लागतो. यंत्र इमानदारीने त्याच्याबरोबर पुढे आलं असतं, कारण फ्रेममधला सगळ्यांत जवळचा, बोलणारा चेहरा तोच. पण तो सीन आजींचा आहे. तो मुंबईला जातो म्हणतोय आणि मागे त्या चादरीची घडी घालतायत. मी आजींवरच थांबलो, मुलगा पुढे सॉफ्ट, धूसर. मग त्याच्या शेवटच्या वाक्याला आजींचे हात थांबले तेव्हा मी हळूच त्याच्यावर आलो. लांब्याने कट म्हटल्यावर नुसती मान हलवली. हे मला फक्त तुला सांगायचं होतं. बाकी कुणाला सांगितलं तर ते यंत्राविरुद्धची तक्रार वाटेल, आणि मला तक्रार करायची नाहीये.

आता तू म्हणशील, 'मी काय सांगत होतो? कॅमेऱ्याशेजारी उभं राहून माणसाकडे बघायचं असतं.' कोल्हापूरला त्या पावसातल्या शूटला तू यावरून माझ्याशी बोलणं टाकलं होतंस, आणि तांबडा रस्सा माझ्या ताटात वाढताना वाटी मुद्दाम अर्धी ठेवली होतीस, मी विसरलेलो नाही. मॉनिटरवर फोकस गेलेला दिसतो, पण गेल्यावर दिसतो, आणि पुढे गेला की मागे ते सांगत नाही, हे तुझं म्हणणं तेव्हाही मला पटत होतं. पण वायरलेस मॉनिटर आला म्हणून जिम्बलवर फोकस धरता आला हेही खरं, आणि त्यावर मी आजही भांडेन. गंमत म्हणजे लायडरने आपलं भांडण मोडीत काढलं. त्याला मॉनिटर नको आणि शेजारी उभं राहणंही नको. पुढे की मागे, हे त्याला आधीच ठाऊक असतं.

खरी गोष्ट पुढेच आहे.

माझ्याकडे सेकंड असिस्टंट म्हणून एक पोरगी आहे, इचलकरंजीची. लायडर तीच सांभाळते. तुला वाटेल डबा लावला, बटण दाबलं, झालं. तसं नाही. या लेन्स मुक्या आहेत. कुठल्या अंतराला रिंग कुठे असायला हवी, हे प्रत्येक लेन्सचं वेगळं शिकवावं लागतं. शूटच्या आदल्या संध्याकाळी लॉजच्या व्हरांड्यात तिने फरशीवर खडूने फूट आखले, फोकस तपासायचा चार्ट स्टँडवर लावला, एकेका खुणेवर चार्ट नेऊन मोठ्या मॉनिटरवर डोळे फोडून फोकस घेतला आणि बिंदू साठवला. जवळच्या अंतरांना जास्त बिंदू, लांबच्यांना कमी. ५०च्या लेन्सला ग्रीस जुनं झाल्यामुळे रिंगमध्ये केसभर ढील आहे. जवळून लांब जाताना खूण एकीकडे, लांबून जवळ येताना दुसरीकडे. हे तिच्या स्वतःच्या लक्षात आलं, आणि तिने सगळे बिंदू एकाच दिशेने परत घेतले. कुणी सांगितलं नव्हतं. दादा असते तर त्यांनी तिला स्वतःच्या डब्यातली चकली दिली असती.

काल मॅटबॉक्स, लेन्सपुढची ती उजेड अडवणारी चौकट, बसेना म्हणून कुणीतरी लायडरचं ब्रॅकेट इंचभर पुढे सरकवलं. साडेसहा फुटांवर ८५, टी १.३, म्हणजे आपल्या हातात जेमतेम दीड इंच असतो. नाक मिळालं तर कान जातो. लायडर अंतर स्वतःपासून मोजतो, लेन्सचा हिशेब सेन्सरपासून, आणि मधली तफावत यंत्राला एकदाच सांगून ठेवलेली असते. पहिल्याच टेकला ती म्हणाली, 'दादा, फोकस सगळीकडे सारखाच पुढे पडतोय, ब्रॅकेट हललंय.' दोन मिनिटांत शोधलं.

मग चहाच्या वेळी मी तिला आपला खेळ विचारला. "तो खांब किती फुटांवर?"

तिने लायडर वळवला आणि म्हणाली, "चौदा फूट दोन इंच." बरोबर होतं, मी टेप लावून बघितला. मी म्हटलं, नुसत्या डोळ्यांनी सांग. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "दादा, ते शिकायचं कुठे? मला टेप धरायला कुणी बोलवतच नाही."

बाळ्या, हे डोक्यातून जात नाहीये. आपण कुठे शिकलो? कॅमेऱ्याच्या हुकाला टेपचं टोक अडकवायचं, नटाच्या डोळ्यापर्यंत न्यायचं, आकडा ओरडून सांगायचा, खडूने खूण करायची. रिंगला हात लावायची परवानगी नव्हती, पण दिवसभर अंतरं डोळ्यांत भरत होती. संध्याकाळी स्टॉपवर उभं राहून बसचा दिवा किती फुटांवर यावर वडापावच्या पैजा. तू सहा इंचांच्या आत सांगायचास आणि माझे पैसे जायचे. रशेस, म्हणजे धुवून आलेली फिल्म, येईपर्यंत जीव टांगणीला असायचा, म्हणून डोळा तयार झाला. आता टेपच निघत नाही. फोकस चांगला येतो, आणखी चांगला येईल, पण ज्या कामातून फोकस पुलर घडायचा तेच काम उरलेलं नाही. ही पोरगी उद्या माझ्या जागी उभी राहील तेव्हा मच्छरदाणीच्या शॉटला ती चाक धरेल का? धरलं तर कुठे नेईल?

त्यात आज दुपारी लाइन प्रोड्यूसर म्हणाला, लायडर आहे तर पुढच्या शेड्यूलला सेकंड असिस्टंट कशाला, तेवढीच बचत. मी म्हटलं, लायडर आहे म्हणून तर ती हवी. तो हसला. तो वाईट माणूस नाही, त्याला आकडे जुळवायचेत. मी लांब्याशी बोललो, लांब्या म्हणाला बघू. लांब्याचं 'बघू' तुला माहीत आहे.

आणि पुढचं शेड्यूल कुठलं? मेणवलीच्या घाटावर. भर दुपारी, पायऱ्यांवर गर्दी, लांब्याला पलीकडच्या काठावरून मोठ्या लेन्सवर आजींना गर्दीतून शोधायचंय. सत्तर-ऐंशी फूट. म्हणजे लायडरच्या पल्ल्याबाहेर. त्यात उन्हातच इतका इन्फ्रारेड असतो की त्याच्या लेझरचा परतीचा उजेड त्यात बुडायला लागतो, खाली ओले दगड आणि पाणी. तिथे डोळाच लागणार.

म्हणून विचारतो, तू येशील का? माझ्यासाठी नको, तिच्यासाठी ये. मी मॉनिटरवर वाढलेला, तुझ्यासारखा डोळा माझ्याकडे नाही आणि युनिटमध्येही कुणाकडे नाही. शूटच्या आधी तिला घाटावर घेऊन बस. टेप घेऊन ये, लायडर बंद ठेव, दिवसभर खांब, पायऱ्या, माणसं, म्हशी मोजायला लाव. मग लायडर चालू करून ताडून बघू दे. मला वाटतं हाच रस्ता आहे. आपल्याला चूक कळायला रशेस यावे लागायचे, तिला तिथल्या तिथे कळेल. तिचा डोळा आपल्यापेक्षा लवकर तयार होईल, फक्त ते तिला कुणीतरी करायला लावलं पाहिजे.

तुझ्या घरचं विचारायचं राहिलंच. काजूचा सीझन कसा गेला? आईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं ना, आता दिसतं का नीट? छकुलीचा दहावीचा निकाल वहिनींनी पाठवला होता, पेढे राहिलेत. नवीन बॉयलर बसला का?

कुडाळहून कोल्हापूरमार्गे ये, साताऱ्याला गाडी पाठवतो. राहायची सोय माझ्याच खोलीत, घोरलास तर व्हरांड्यात. मानधन रोजचं पूर्ण मिळेल, ते मी माझ्या खात्यातून नाही, प्रॉडक्शनकडून घेणार आहे, तेव्हा 'मित्राकडून पैसे कसे घेऊ' हे सुरू करू नकोस. बुधवारपर्यंत हो म्हण, म्हणजे गुरुवारच्या मीटिंगमध्ये तुझं आणि तिचं, दोघांचीही नावं एकाच कागदावर लिहून देतो. लांब्यालाही तू फोन कर. तुझ्या शिव्या खाल्ल्याशिवाय तो 'बघू'च्या पुढे जात नाही.

तुझा,
दिग्या