रद्द झालेल्या सफरीचे क्रेडिट बाद करू नये, मुदत वाढवावी किंवा भाडे परत करावे

प्रति,
मा. प्रमुख,
ग्राहक सेवा विभाग

दिनांक: 24 जानेवारी 2022

विषय: जून 2020 मधील रद्द झालेल्या अलास्का सफरीपोटी चार प्रवाशांच्या नावे दिलेले क्रेडिट 31 मार्च 2022 रोजी बाद होण्याबाबत

महोदय,

तुमच्या कंपनीने रद्द केलेल्या क्रूझ सफरीचे आमचे भाडे अजून तुमच्याकडेच आहे. त्या बदल्यात आम्हा चौघांच्या खात्यांवर जे क्रेडिट, म्हणजे पुढच्या सफरीच्या भाड्यात वापरता येणारी रक्कम, जमा केले, ते 31 मार्च 2022 पर्यंत सुरू होणाऱ्या सफरीसाठीच चालेल आणि पुढे बाद होईल, असा ईमेल या महिन्यात आला. आम्ही पैसे भरले होते अलास्कासाठी. अलास्काच्या फेऱ्या एप्रिलच्या अखेरीस सुरू होतात आणि ऑक्टोबरच्या सुमारास थांबतात. थोडक्यात, ज्या सफरीचे भाडे आम्ही भरले तीच सफर या क्रेडिटवर करता येणार नाही, अशी तारीख तुम्ही घातली आहे. फोनवर ही गोष्ट मी पुन्हा पुन्हा सांगितली. दर वेळी ‘सिस्टीममध्ये तीच तारीख दिसते’ एवढेच उत्तर मिळाले. म्हणून आता लेखी तक्रार करत आहे. हिचे उत्तर निर्णयाचा अधिकार असलेल्या व्यक्तीने द्यावे.

क्रेडिट आम्ही का घेतले, हे आधी सांगते. एप्रिल 2020 मध्ये कोरोनामुळे सफर रद्द झाल्याचा तुमचा ईमेल आला तेव्हा त्यात दोन पर्याय होते: भरलेले भाडे परत, किंवा त्याऐवजी भाड्याच्या 125 टक्के क्रेडिट. आम्ही चौघांनी बसून विचार केला आणि क्रेडिट घेतले. 25 टक्के जास्तीचे मिळणार होते हे एक कारण होतेच, पण तेवढेच नव्हते. त्या दिवसांत बंदरे जहाजांना आत घेत नव्हती, प्रवासी उतरून गेल्यावरही जहाजांवरचे हजारो कर्मचारी घरी जाऊ न शकल्याने समुद्रातच अडकून पडले होते. तुमच्या ईमेलमध्ये लिहिले होते की प्रवाशांनी क्रेडिट स्वीकारले तर कंपनीला या काळात मोठा आधार होईल. आम्हाला ते पटले. अडचणीच्या वेळी आम्ही आमचे पैसे तुमच्याकडे राहू दिले. आज अडचण आमच्याकडे आहे, तर त्याच पैशांवर तुम्ही पाणी सोडायला सांगत आहात.

आता मुदतीबद्दल. माझी मुख्य तक्रार हीच आहे.

13 मार्च 2020 ला क्रूझ कंपन्यांच्या संघटनेने अमेरिकी बंदरांतून निघणाऱ्या फेऱ्या थांबवल्याचे जाहीर केले, ते 30 दिवसांसाठी. दुसऱ्याच दिवशी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, जहाजे न सोडण्याचा आदेश काढला आणि 9 एप्रिलला तो आणखी 100 दिवसांपर्यंत वाढवला. आमच्या क्रेडिटवर तारीख पडली ती याच आठवड्यांत. उन्हाळा सरेल तशी जहाजे पुन्हा निघतील आणि लोकांना सफर निवडायला भरपूर वेळ मिळेल, या हिशेबाने ती घातली गेली असणार. त्या वेळी तो हिशेब चुकीचा म्हणता येणार नाही, कुणालाच पुढचे दिसत नव्हते. पण नंतर काय झाले ते तुम्हाला माझ्याहून चांगले ठाऊक आहे. आदेश जुलैमध्ये वाढला, सप्टेंबरच्या अखेरीस पुन्हा वाढला, ऑक्टोबरच्या शेवटी त्याच्या जागी अटींसह परवानगीचा आदेश आला, आणि अमेरिकेच्या बंदरातून तिकीट काढलेले प्रवासी घेऊन पहिले मोठे जहाज सुटले ते 26 जून 2021 ला. सव्वा वर्ष जहाजे उभी होती. त्या सव्वा वर्षात आमच्या क्रेडिटची मुदत मात्र रोज एकेका दिवसाने कमी होत राहिली.

अलास्काची गोष्ट तर याहून कठीण. तुमची जहाजे परदेशी नोंदणीची आहेत. अमेरिकेच्या 1886 च्या प्रवासी जहाज कायद्यानुसार अशा जहाजाला अमेरिकेतल्या एका बंदरातून प्रवासी घेऊन दुसऱ्या देशातल्या बंदराला न थांबता फेरी करता येत नाही. अमेरिकेतल्या सिएटलहून अमेरिकेच्याच अलास्का राज्यात जाणारी जहाजे कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबतात ती याचसाठी. कॅनडाने तर मोठ्या क्रूझ जहाजांना 2020 चा आणि 2021 चा, असे दोन्ही हंगाम बंदी घातली. 24 मे 2021 ला अमेरिकेत कॅनडाला न थांबता अलास्काला जाण्याची खास सवलत देणारा कायदा झाला आणि जुलैत अलास्काच्या मोजक्या फेऱ्या निघाल्या, तोवर निम्मा हंगाम सरला होता. आणि त्या फेऱ्याही आमच्या कामाच्या नव्हत्या. आम्ही राहतो त्या देशातून येणाऱ्या प्रवाशांना अमेरिकेत प्रवेशच नव्हता. ते निर्बंध 8 नोव्हेंबर 2021 ला उठले. तेव्हा अलास्कात हिवाळा सुरू झाला होता आणि तुमची जहाजे कॅरिबियनकडे गेली होती.

म्हणजे क्रेडिट हाती आल्यापासून आजपर्यंत असा एकही दिवस गेला नाही की ज्या दिवशी आम्ही आमच्या मूळ सफरीला निघू शकलो असतो. ‘ग्राहकाने दिलेल्या मुदतीत क्रेडिट वापरले नाही’ हे तुमच्या ईमेलमधले वाक्य म्हणूनच मला मान्य नाही. वापरता येईल अशी मुदत तुम्ही दिलीच कुठे?

तुमच्या प्रतिनिधीने सुचवलेला उपाय असा की फेब्रुवारी किंवा मार्चमध्ये कॅरिबियनची एखादी सफर घ्या, म्हणजे क्रेडिट वाया जाणार नाही. हा सल्ला देताना आजची परिस्थिती कुणी विचारात घेतलेली दिसत नाही. 30 डिसेंबर 2021 ला सीडीसीने क्रूझ प्रवासाला सर्वांत वरची, चौथ्या पातळीची धोक्याची सूचना दिली आहे आणि लस घेतलेली असो वा नसो, क्रूझ प्रवास टाळा, असे स्पष्ट म्हटले आहे. ओमायक्रॉनमुळे याच महिन्यात अनेक कंपन्यांनी स्वतःच्या फेऱ्या रद्द केल्या. डिसेंबरमध्ये कॅरिबियनमधल्या काही बेटांनी रुग्ण आढळलेल्या जहाजांना धक्क्याला लागू दिले नाही. आम्ही सगळे साठीच्या पुढचे, माझ्या पतींना दम्याचा जुना त्रास. फेब्रुवारी 2020 मध्ये जपानमधल्या योकोहामाला एक जहाज विलगीकरणात ठेवले होते, त्यावरच्या 3,711 लोकांपैकी 700 हून अधिक जणांना लागण झाली, हे आम्ही विसरलेलो नाही. तेव्हा लस नव्हती, आज आहे, हा फरक मला कळतो. तरी पैसे बुडू नयेत एवढ्याच कारणाने माणसाने या दिवसांत जहाजावर पाऊल ठेवावे, असा प्रसंग कंपनीने ग्राहकावर आणू नये.

आणि समजा धाडस करून बुकिंग केलेच, तर? जहाजावर चढण्याआधीच्या चाचणीत आमच्यापैकी एखादा पॉझिटिव्ह निघाला तर त्याला चढू देणार नाहीत, हे योग्यच आहे. अशा वेळी क्रेडिट खात्यावर परत जमा होईल, पण मूळ मुदतीसह, असे तुमच्याच प्रतिनिधीने सांगितले. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात चाचणी पॉझिटिव्ह आली तर परत आलेले ते क्रेडिट वापरायला हाती आठवडाही उरणार नाही.

शिवाय या क्रेडिटने सगळा खर्च भागतही नाही. बंदर शुल्क आणि कर त्यातून देता येत नाहीत, जहाजावरच्या कर्मचाऱ्यांची बक्षिशी देता येत नाही, किनाऱ्यावरच्या सहली आणि विमाही नाही. (2020 मध्ये भरलेले कर आणि बंदर शुल्क तुम्ही वेळेवर परत केले होते, ते मला मान्य आहे.) सवलतीच्या भाड्यावर हे क्रेडिट चालत नाही, पूर्ण भाड्याचीच कॅबिन घ्यावी लागते. 2022 च्या उन्हाळ्यातली अलास्काची तीच फेरी, त्याच प्रकारची बाल्कनीची कॅबिन मी तुमच्या संकेतस्थळावर पाहिली. तिचे भाडे आमच्या मूळ भाड्याच्या सव्वापटीहून जास्त आहे. 25 टक्के जास्तीचे म्हणून जे दिले होते ते भाडेवाढीतच गेले. तरीही वरची रक्कम भरून जायची आमची तयारी आहे. तारीख तेवढी आड येते.

यापुढचे लिहिताना मला त्रास होतो, पण लिहिणे भाग आहे. आम्हा चौघांत माझे थोरले दीर होते. 2021 च्या वसंतात कोरोनाने ते गेले. ही सफर मुळात त्यांचीच इच्छा होती. हिमनद्या बघायच्या म्हणून नकाशे जमवणारा, अलास्कातल्या ग्लेशियर बे या उपसागरात जहाज कुठून कसे वळते ते आम्हाला समजावून सांगणारा माणूस. त्यांचे मृत्यूचे प्रमाणपत्र जोडून जाऊबाईंनी तुम्हाला विनंती केली की यजमानांच्या नावावरचे क्रेडिट त्यांच्या स्वतःच्या नावे करावे. तुमचे उत्तर दोन ओळींचे होते: क्रेडिट हस्तांतरणीय नाही, नियमात अपवाद नाही. दुःखाचा एक शब्द त्यात नव्हता. त्यानंतरही ‘तुमचे क्रेडिट संपत आले आहे, लवकर बुकिंग करा’ असे ईमेल त्यांच्या नावाने येत आहेत. ते जाऊबाईंच्या फोनवर येतात, कारण चौघांच्या बुकिंगसाठी त्यांचाच पत्ता दिला होता. ते आजच्या आज थांबवावेत. त्यासाठी कुठला नियम बदलावा लागत नाही.

त्या क्रेडिटचे गणितही बघा. क्रूझचे भाडे एका कॅबिनमध्ये दोन माणसे धरून लावलेले असते. एकटा प्रवासी गेला तर रिकाम्या जागेपोटी त्याच्याकडून जवळजवळ दुप्पट भाडे घेतले जाते. म्हणजे जाऊबाई आता एकट्या गेल्या तर त्यांच्या यजमानांनी स्वतःच्या जागेचे भरलेले पैसे तुम्ही बाद करणार, आणि त्याच रिकाम्या जागेचे पैसे जाऊबाईंकडून पुन्हा घेणार. हे लिहिणारी मी काही कायद्याची जाणकार नाही, पण गेलेल्या माणसाने भरलेले भाडे ही त्याच्या वारसाची मिळकत आहे, त्या माणसाबरोबर ती नाहीशी होत नाही, एवढे मला समजते.

तुम्ही म्हणाल की नियम सर्वांना सारखे आहेत. पण महामारीत दिलेल्या क्रेडिटकडे कसे पाहायचे याचा विचार इतरांनी आधीच केला आहे. युरोपीय आयोगाने 13 मे 2020 ला, रद्द प्रवासाच्या व्हाउचरबाबत शिफारस केली की मुदत किमान 12 महिने असावी आणि तोवर ते वापरले गेले नाही तर पैसे परत मिळावेत. ती शिफारस आहे, तुमच्यावर बंधनकारक नाही, हे मी जाणते. पण तिच्यामागचा विचार सरळ आहे: न दिलेल्या सेवेचे पैसे शेवटी ज्याचे त्याला मिळाले पाहिजेत, क्रेडिट ही फक्त मधली सोय. अमेरिकेच्या फेडरल मॅरिटाइम कमिशन या सागरी वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनेही गेल्या वर्षी रद्द फेऱ्यांच्या परताव्याबद्दल नियम पक्का करण्याचा प्रस्ताव मांडला आहे. तुमच्याच क्षेत्रात काही कंपन्यांनी क्रेडिटच्या तारखा एकाहून अधिक वेळा पुढे नेल्या. तुम्हाला ते का जमू नये?

माझी मागणी अशी. चौघांच्या क्रेडिटवर सफर सुरू करण्याची तारीख किमान 30 सप्टेंबर 2023 करावी, म्हणजे अलास्काचे दोन पूर्ण हंगाम हाती राहतील. त्या दोनांत एखादा पुन्हा बिघडला तरी दुसरा उरेल. बुकिंग करण्याची आणि सफर सुरू होण्याची अशा दोन वेगळ्या तारखा तुम्ही ठेवता, त्या दोन्ही पुढे न्याव्यात. नुसती बुकिंगची वाढवली तर उपयोग नाही. चाचणी पॉझिटिव्ह आल्याने किंवा कंपनीने फेरी रद्द केल्याने क्रेडिट परत आले तर त्या दिवसापासून नवी मुदत मिळावी. थोरल्या दिरांचे क्रेडिट जाऊबाईंच्या नावे करावे आणि त्या एकट्या असल्याबद्दल त्यांच्याकडून जादा भाडे घेऊ नये.

हे शक्य नसेल तर चौघांनी प्रत्यक्ष भरलेले मूळ भाडे, म्हणजे 100 टक्के, ज्या खात्यातून आले त्या खात्यात परत करावे. जास्तीचे 25 टक्के आम्ही मागत नाही. दिरांचे खाते बंद झाले आहे, त्यांचे पैसे जाऊबाईंच्या खात्यात जमा करावेत. वारसाची कागदपत्रे त्या पुन्हा द्यायला तयार आहेत.

निर्णय होईपर्यंत चारही क्रेडिट जशीच्या तशी ठेवावीत, 31 मार्चला आपोआप बाद होऊ देऊ नयेत. तसे केल्याचे मला या पत्राची पोच देतानाच कळवावे. फोन नको, लेखी उत्तर हवे. बुकिंग क्रमांक, चौघांची नावे, एप्रिल 2020 चा तुमचा ईमेल, या महिन्याचा ईमेल आणि मृत्यूच्या प्रमाणपत्राची प्रत सोबत जोडली आहे. 15 फेब्रुवारीपर्यंत उत्तर आले नाही तर मी हीच कागदपत्रे घेऊन ग्राहक मंचाकडे दाद मागणार आहे.

आपली,
(सही)
एक प्रवासी, तिघांच्या वतीने