सतरावं प्रकरण शिकवणाऱ्या सरांना

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

निवृत्तीनंतरही तुम्ही आम्हा मोजक्या मुलांसाठी वेळ काढलात आणि इस्लामी धर्मचिंतक अल-गझालींच्या ‘तहाफुत अल-फलासिफा’ (तत्त्वज्ञांमधली विसंगती) या ग्रंथातलं कार्यकारणभावावरचं सतरावं प्रकरण अरबीतून ओळ न् ओळ समजावलंत, त्याचे हे जाहीर आभार. जाहीर अशासाठी, की गझालींनी कार्यकारणभाव मोडीत काढला आणि इस्लामी जगातलं विज्ञान तिथेच आटलं, असं सर्रास लिहिलं जातं. तुम्ही ते खोडत बसला नाहीत. मूळ मजकूरच पुढ्यात ठेवलात.

विस्तवाशी कापूस नेला की जळतो, हे आपण पाहतो. विस्तवामुळेच जळतो, हे मात्र पाहत नाही, असं गझाली म्हणतात. मग त्यांचा जन्मांधाचा दाखला आला. डोळ्यांवरचा पडदा दिवसा दूर होतो, रंग दिसतात, आणि डोळे उघडले म्हणूनच दिसलं असं त्याला वाटतं. सूर्य मावळला की कळतं, उजेडामुळे दिसत होतं. त्या दिवशी आम्ही पुढे सरकलोच नाही!

गझाली ज्यांचं खंडन करतात, त्या तत्त्वज्ञ इब्न सीनांचा भाग मला सर्वांत जड जायचा. वस्तू स्वतःपुरती केवळ संभवनीय असते, पण तिची कारणं पूर्ण जुळली की ती असलीच पाहिजे. “मग ईश्वराच्या इच्छेला वाव कुठे उरला?” एवढंच तुम्ही विचारलंत, आणि गझालींना काय खुपत होतं ते लख्ख दिसलं. घरी ठेवलेल्या पुस्तकाचा घोडा झाला असेल तर, ही शंकाही ते स्वतःच विरोधकांच्या वतीने काढतात. तसं घडणं शक्य असलं तरी ते घडत नाही, हे ज्ञान ईश्वरच आपल्यात निर्माण करतो, हे त्यांचं उत्तर. मला ते अजून पुरेसं वाटत नाही.

गझालींना पुढे उत्तर देणारे तत्त्वज्ञ इब्न रुश्द (११२६–११९८) मला म्हणूनच जवळचे वाटतात. वस्तूला स्वतःचा गुणच नसेल तर तिला वेगळं नाव तरी कशाचं, आणि कारणं नाकारणं म्हणजे बुद्धीच नाकारणं, हे स्पेनमधल्या कॉर्डोबाच्या या काझींचं म्हणणं. पण तुमचा कल कुणाकडे, हे तुम्ही शेवटपर्यंत कळू दिलं नाहीत. दोघांचीही बाजू तितक्याच जोराने मांडलीत. यासाठी मी तुमची कायमची ऋणी आहे.

तुमची टिपणं आम्ही टंकून ठेवली आहेत. इतर विद्यार्थ्यांना दिली तर चालेल का, तेवढं कळवावं.

तुमची विद्यार्थिनी